कवटीच्या आतील गाव

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. वर्धा शहरालगतची ती सिंदी (मेघे) आणि नागपूर व वर्धा यांच्यामधील लोहमार्गावरची ती सिंदी (रेल्वे). कंसातला हा शब्द पत्त्यात राहून गेला, तर पत्र भलत्याच गावी जावयाचे. या सिंदी (रेल्वे) गावाची ख्याती मात्र रेल्वेपेक्षा तेथील तान्ह्या पोळ्यामुळे अधिक झाली आहे. श्रावणातल्या अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा, लाकडी बैलांचा. कोणाचा बैल हातात मावेल एवढा, तर कोणाचा चार जणांनी ओढावा एवढा. बैलांना रंग द्यावयाचा, शिंगांना बेगड लावावयाची, पाठीवर झूल घालावयाची, हे सारे काम घरोघरी आदल्या दिवसापासून चाललेले असते.

समजा, अशाच एका सकाळी घराच्या ओसरीवर एक आजोबा नातवाच्या बैलाचे शिंग रंगवीत बसले आहेत. शिंग अर्धे रंगले आहे. इतक्यात त्यांच्या उजव्या हातातील कुंचला गळून पडतो. ते तो उचलू पाहतात, पण हात उचलत नाही. तोंडाचा कोपरा डावीकडे ओढला जातो. नातू "आबाजी, काय झालं?" म्हणून ओरडतो. आजोबा त्याच्याकडे पाहतात, काही सांगू पाहतात आणि तोंडातून शब्द निघत नाही. "पाणी देऊ का?" असे विचारताच ते मान हलवितात. म्हणजे ऐकू येते, समजतेही. बोलता मात्र येत नाही.

शेजारपाजारची मंडळी जमतात. एक जण म्हणतो, "वारं गेलं अंगावरून." दुसरा कबुतराचे रक्त चोळावे असे सुचवितो. तिसऱ्याचे मत असे पडते, की त्यांना घटकाभर निजू द्यावे, आपोआप उतरेल. या तिघांच्या बोलण्यात जो वेळ जातो, त्याची किंमत काय, हे आपण पुढे पाहणार आहोत. त्याआधी एक प्रश्न आहे. आजोबांचा हात जसा होता तसाच आहे. त्याचे हाड मोडलेले नाही, स्नायू तुटलेला नाही. जीभही जागच्या जागी आहे. मग बिघडले ते कोठे?

आपल्या पूर्वजांनाही हा प्रश्न पडला होता. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत पक्षाघाताचे वर्णन आहे, तोंड वाकडे होण्याच्या विकाराला तेथे 'अर्दित' असे नाव आहे, आणि हे दोन्ही विकार वाताच्या प्रकोपाने होतात असे तेथे मानले आहे. शेजाऱ्याच्या तोंडातले 'वारे' हे त्या जुन्या वाताचेच वंशज होय. प्राचीन वैद्यांनी रोगाचे निरीक्षण उत्तम केले होते. कारण मात्र त्यांच्या हाती लागले नव्हते. ते लागावयाचे, तर कवटीच्या आत पाहणे आवश्यक होते.

कवटीच्या आत काय असते? सुमारे तेराशे ते चौदाशे ग्रॅम वजनाचा, घट्ट लोण्यासारखा मऊ, अक्रोडाच्या गरासारखा घड्या पडलेला एक गोळा. एवढ्याशा वस्तूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात आणि त्यांतील एकेक पेशी हजारो पेशींशी तंतूंनी जोडलेली असते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा शंभरात दोनच. परंतु आपण विश्रांती घेत असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी शंभरात सुमारे वीस भाग एकटा मेंदू खातो. एवढा खादाड असूनही त्याच्याजवळ साठा म्हणून जवळजवळ काहीच नसतो. रोजच्या मजुरीवर रोजचे पोट भरणाऱ्या कुटुंबासारखी त्याची स्थिती आहे. रक्ताचा पुरवठा काही सेकंद थांबला, तर शुद्ध जाते. काही मिनिटे थांबला, तर पेशी मरू लागतात, आणि एकदा मेलेल्या पेशी पुन्हा उभ्या राहत नाहीत.

आजोबांच्या बाबतीत हेच घडले आहे. मेंदूच्या एका रक्तवाहिनीत रक्ताची लहानशी गुठळी अडकली आहे. ती वाहिनी ज्या भागाला रक्त पुरविते, तेवढाच भाग उपाशी पडला आहे; बाकीचा मेंदू आपापले काम करीत आहे. म्हणूनच आजोबा पाहतात, ऐकतात, नातवाला ओळखतात, आणि तरीही बोलू शकत नाहीत. मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे आहेत, हे माणसाला कळले, ते मुख्यतः अशाच दुर्दैवी प्रसंगांतून. एखाद्या गावातील सुतार किती कामाचा होता, हे तो गाव सोडून गेल्यावर कळावे, तसाच हा प्रकार आहे.

आता आजोबांच्या लक्षणांवरून गुठळी कोठे अडकली असेल, याचा शोध घेऊ. बिघाड उजव्या हातात दिसतो. म्हणून मेंदूचा उजवा भाग बिघडला असेल असे वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोठ्या मेंदूचे दोन अर्धगोल असतात. त्यांतून निघालेले हालचालीचे बहुतेक तंतू मानेच्या वर, मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या टोकाशी एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात. एखाद्या धुरकऱ्याने डाव्या हातातील कासरा उजव्या बैलाला आणि उजव्या हातातील डाव्या बैलाला बांधावा, तशी ही योजना आहे. उजवा बैल अडला, तर दोष डाव्या हाताकडे शोधावयाचा. निसर्गाने ही अदलाबदल का केली, याविषयी तर्क पुष्कळ आहेत. सर्वांना पटलेला एकही नाही.

तेव्हा बिघाड डाव्या अर्धगोलात आहे. त्याच्या वरच्या पृष्ठभागावर, साधारण एका कानापासून डोक्याच्या मध्यापर्यंत, एक पट्टी आहे. शरीराच्या हालचालीचे हुकूम तेथून सुटतात. तिच्या मागे लागूनच दुसरी पट्टी आहे. स्पर्शाच्या वार्ता तेथे पोहोचतात. कॅनडातील माँट्रिअल शहरी वाइल्डर पेनफील्ड नावाचे शस्त्रवैद्य होते. अपस्माराच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करताना ते रोग्याला जागे ठेवीत. हे ऐकून अंगावर काटा येईल, परंतु खुद्द मेंदूला वेदना होत नाही. बधिर करावी लागते ती कवटीवरील कातडी. उघड्या मेंदूवर ते विजेचा अगदी सौम्य स्पर्श करीत आणि काय होते ते पाहत. एका जागी स्पर्श केला की अंगठा हले, त्याच्या शेजारी केला की ओठ. अशा शेकडो नोंदींवरून त्यांनी या पट्ट्यांचा नकाशा तयार केला. (भारतात मज्जाशस्त्रक्रियेचा पहिला विभाग १९४९ साली वेल्लोर येथे ज्यांनी उघडला, ते डॉ. जेकब चँडी या पेनफील्डांच्याच हाताखाली शिकून आले होते.)

तो नकाशा मोठा गमतीचा आहे. त्यात संपूर्ण पाठीला थोडीशी जागा मिळाली आहे, तर एकट्या अंगठ्याला तिच्याहून कितीतरी अधिक. ओठ, जीभ आणि हाताची बोटे यांनी अर्ध्याहून अधिक पट्टी व्यापली आहे. जमिनीची वाटणी येथे आकारावर झालेली नाही, कामाच्या बारकाईवर झालेली आहे. हाताची जागा आणि तोंडाची जागा एकमेकींच्या शेजारी असून दोघींना रक्त पुरविणारी वाहिनीही एकच आहे. पायाची जागा मात्र वरती, दोन अर्धगोलांमधील फटीत वळलेली आहे आणि तिला दुसरी वाहिनी रक्त देते. आजोबांचा हात आणि तोंड एकाच वेळी का गेले आणि पाय त्या मानाने का वाचला, याचा उलगडा येथे होतो.

पण वाचा का जावी? ओठ व जीभ लुळी पडली म्हणून उच्चार अडखळावेत, हे समजण्यासारखे आहे. आजोबांना तर शब्दच सापडत नाही. या प्रश्नाचे उत्तर १८६१ साली पॅरिसमध्ये मिळाले. तेथील बिसेत्र रुग्णालयात लबोर्ञ नावाचा एक रोगी वीस वर्षांहून अधिक काळ राहत होता. त्याला काहीही विचारा, तो 'तान, तान' एवढेच बोले. रुग्णालयात त्याचे नावच 'तान' पडले होते. त्याला विचारलेले समजत असे. बोटांनी आकडे दाखवून तो उत्तरेही देई. त्याच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका या शस्त्रवैद्याने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अर्धगोलाच्या पुढील खंडात, कानशिलाच्या जरा पुढे, एक भाग नष्ट झालेला आढळला. वाणी घडविणारे ठिकाण म्हणून तो भाग पुढे ब्रोकाच्या नावाने प्रसिद्ध झाला. हालचालीच्या पट्टीतील तोंडाच्या जागेला तो अगदी लागून आहे.

तेरा वर्षांनी, १८७४ मध्ये, कार्ल वेर्निके या तरुण जर्मन वैद्याने याच्या उलट प्रकारच्या रोग्यांचे वर्णन केले. हे रोगी घडाघड बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो. शब्दांची भेसळ होते, नवीच अक्षरे जुळविली जातात, आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना कळत नाही. त्यांच्या मेंदूतील बिघाड डाव्या कानशिलाच्या मागील बाजूस असतो. पहिल्या प्रकारचा रोगी आपली असहायता जाणतो आणि व्याकूळ होतो. दुसऱ्या प्रकारच्या रोग्याला आपण चुकत आहोत हेच बहुधा उमगत नाही. उलट समोरचे लोक असे बुचकळ्यात का पडतात, याचेच त्याला नवल वाटते. पुष्कळदा घरचे लोक अशा माणसाला वेड लागले असे समजतात. तो वेडा नसतो. त्याच्या भाषेचे भांडार विस्कटलेले असते, एवढेच.

बहुतेक माणसांमध्ये भाषेची ही ठिकाणे डाव्या बाजूला असतात. म्हणून उजवे अंग लुळे पडले की वाचाही जाण्याचा संभव अधिक. त्यातही एक नवल आहे. ज्याला 'पाणी' हा एक शब्द उच्चारता येत नाही, असा रोगी कधी कधी लहानपणापासून पाठ असलेले भजन चालीसकट म्हणू शकतो. तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर म्हणण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशी माणसे वर्धा-अमरावतीकडे घरोघर आढळतात. अशा एखाद्या आजोबांच्या जवळ बसून कोणी ओळखीची चाल धरली, तर त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडणे अशक्य नाही. गाण्याच्या कामी उजव्या अर्धगोलाचाही मोठा हात असतो, आणि तो तर शाबूत आहे.

उजव्या अर्धगोलाचा बिघाड याहून निराळा आणि काहीसा फसवा असतो. त्यात बोलणे टिकते. म्हणून घरच्यांना रोग तितकासा गंभीर वाटत नाही. पण माथ्याच्या मागील बाजूचा उजवा भाग दुखावला, तर रोग्याच्या जगाची डावी बाजूच नाहीशी होते. डोळे धड असतात, तरी डावीकडच्या वस्तूंकडे लक्ष जात नाही. अशा माणसापुढे आपल्या पद्धतीने वाढलेले ताट ठेवा. उजवीकडची भाजी, आमटी तो चवीने खाईल. डाव्या बाजूचे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर तशीच राहील आणि वर "आज चटणी वाढलीच नाही" अशी तक्रार तो करील. ताट फिरवून डावी बाजू उजवीकडे आणली, की चटणी त्याला एकदम दिसते! काही जण दाढी अर्धीच करतात. क्वचित एखादा रोगी स्वतःचा लुळा डावा हात आपला आहे हेच मान्य करीत नाही. अशा वेळी घरच्यांनी हसणे किंवा रागावणे, दोन्ही अस्थानी होय.

डोळ्यांनी पाहण्याचे काम डोक्याच्या अगदी मागच्या भागात चालते. कपाळाखालच्या डोळ्यांचे ठाणे मानेच्या वर, मागच्या बाजूला असावे, हे चमत्कारिक खरे. पण मागच्या बाजूवर पडल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ते यामुळेच. १९०४ ते १९०५ या वर्षांत रशिया आणि जपान यांचे युद्ध झाले. त्यात डोक्याला गोळी लागूनही वाचलेल्या जपानी सैनिकांना तात्सुजी इनोउये या नेत्रवैद्याने तपासले. प्रत्येकाच्या कवटीत गोळी कोठून शिरली व कोठून निघाली, आणि त्याच्या दृष्टीचा कोणता तुकडा नाहीसा झाला, याचा त्याने मेळ घातला. खालचे दिसत नाही तेव्हा जखम वरच्या बाजूला, उजवीकडचे दिसत नाही तेव्हा जखम डावीकडे. अशा रीतीने दृष्टीचा नकाशा तयार झाला. माणसे मारण्यासाठी सुटलेल्या गोळ्यांतून असे ज्ञान निघाले.

आता रेल्वेची गोष्ट सांगतो. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. त्याच्या एकोणीस वर्षे आधी, अमेरिकेतील व्हर्माँट प्रांतात अशाच एका लोहमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. फिनिअस गेज नावाचा पंचवीस वर्षांचा मुकादम खडकाच्या भोकात सुरुंगाची दारू लोखंडी पहारीने ठासून भरीत होता. १८४८ च्या सप्टेंबरची १३ तारीख होती. ठिणगी उडाली, दारूचा भडका झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची ती पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून, डोळ्यामागून जाऊन माथ्यातून बाहेर पडली आणि दूर जाऊन कोसळली. गेज मरण पावला नाही. काही मिनिटांत तो बोलू लागला, आणि बैलगाडीत ताठ बसून वस्तीपर्यंत आला.

त्याच्यावर उपचार करणारे डॉ. हार्लो यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की त्याचे चालणे, बोलणे, स्मरण सारे ठीक होते, परंतु माणूस पालटला होता. पूर्वी तो शांत, नेटका आणि कामात चोख होता. आता तो चटकन शिवीगाळ करी, बेत आखी आणि मोडी, कोणाचा सल्ला मानीत नसे. त्याच्या मित्रांना तो आपला गेज वाटेना. कपाळामागील भाग, ज्याला ललाटखंड म्हणतात, त्याचे काम यावरून लक्षात येऊ लागले. पुढचा विचार करणे, मनात आले ते लगेच न करणे, चार माणसांत कसे वागावे याचे भान राखणे, ही कामे तेथे चालतात. ज्याला आपण 'स्वभाव' म्हणतो आणि ज्यावरून माणसाला बरेवाईट ठरवितो, त्याचा एक भाग एका पहारीने उडवून नेता येतो, ही गोष्ट पचावयास कठीण आहे.

मात्र गेजची कहाणी सांगणारे बहुधा येथेच थांबतात, आणि ते न्यायाचे नाही. पुढे तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि काही वर्षे घोड्यांची टपालगाडी हाकण्याचे काम त्याने केले. अनेक घोड्यांचे लगाम सांभाळणे, वेळ पाळणे, उतारूंशी बोलणे, हे काम मनावर ताबा नसलेल्या माणसाकडून होणारे नव्हे. म्हणजे गमावलेले काही तरी त्याने परत मिळविले असले पाहिजे. १८६० साली फेफऱ्याचे झटके येऊन तो वारला. त्याची कवटी आणि ती पहार अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात जतन करून ठेवली आहेत.

स्मरणशक्तीचे रहस्य असेच एका माणसाच्या हानीतून उलगडले. हेन्री मोलेसन हा अमेरिकेतील तरुण फेफऱ्याने इतका जर्जर झाला होता, की १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही कानशिलांमागील मेंदूचा आतला भाग काढून टाकला. फेफरे पुष्कळ कमी झाले. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात नवी आठवण रुजेना. बालपण त्याला आठवे. सकाळी भेटलेला माणूस दुपारी परका होई. ब्रेंडा मिल्नर या संशोधक विदुषी त्याला वर्षानुवर्षे भेटत राहिल्या आणि प्रत्येक भेट त्याच्या दृष्टीने पहिलीच असे. एकदा त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्यास सांगितले. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला मुळीच आठवत नव्हते. यावरून कळले, की घडलेल्या गोष्टींची आठवण निराळी आणि हाताला लागलेले वळण निराळे. दोन्ही एका ठिकाणी राहत नाहीत. सायकल चालविणे आपण कधी शिकलो ते विसरतो, चालविणे विसरत नाही, तसेच हे. मोलेसन २००८ पर्यंत जगला आणि पंचावन्न वर्षे शास्त्रज्ञांच्या कामी येत राहिला. त्यांपैकी किती जण येऊन गेले, हे मात्र त्याला सांगता आले नसते.

मोठ्या मेंदूच्या खाली, मागील बाजूस लहान मेंदू असतो. त्याचा बिघाड झाला तर हातपाय लुळे पडत नाहीत, पण त्यांची चाल बिघडते. पेला उचलावयास गेलेला हात पुढे निघून जातो, पावले फेंगडी पडतात, बोलणे तुटक होते. दारूच्या अंमलाखाली माणूस झोकांड्या खातो, त्याचे एक कारण लहान मेंदूवरील हा परिणाम होय. त्याच्याही खाली मस्तिष्कपुच्छ आहे. श्वास, हृदयाचा ठोका, गिळणे ही कामे तेथून चालतात. तेथे चण्याएवढी जखम झाली तरी प्राण जाऊ शकतो.

एकाच जागी होणाऱ्या बिघाडाविषयी आपण बोललो. काही रोग मात्र जागा पाहून घाव घालीत नाहीत. १९६५ साली नागपुरातील चांदीपुरा भागात तापाची साथ आली असता, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना रोग्यांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. त्याला 'चांदीपुरा' हेच नाव मिळाले. वाळूमाशी या अगदी बारीक माशीच्या चावण्याने तो पसरतो. कित्येक वर्षे त्याला निरुपद्रवी समजले जाई. २००३ साली आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात लहान मुलांमध्ये मेंदूज्वराची जी भयंकर साथ आली, तिच्या मुळाशी हाच विषाणू आढळला. सकाळी ताप, दुपारी झटके आणि दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी बेशुद्धी, इतक्या वेगाने हा रोग मुलांना नेतो. मातीच्या भिंतींच्या भेगा बुजविणे, गोठा घरापासून दूर आणि कोरडा राखणे, मुलांना मच्छरदाणीत निजविणे, हे उपाय साधे असले, तरी औषध नसलेल्या रोगापुढे तेच खरे उपाय होत.

पूर्व विदर्भात पिकणाऱ्या लाखोळीच्या डाळीची हकीकत याहून निराळी. दुष्काळात दुसरे काही न मिळाल्याने जे लोक महिनोन्‌महिने केवळ लाखोळीवरच राहतात, त्यांच्यापैकी काहींचे पाय ताठरतात आणि काठीशिवाय चालता येत नाही. त्या डाळीतील एक द्रव्य नेमक्या हालचालीच्या मज्जापेशींना, त्यांतही पायांकडे जाणाऱ्या, घातक ठरते. बुद्धी, वाचा, दृष्टी यांना धक्का लागत नाही. १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. पुढे महाराष्ट्रात ती उठविण्यात आली. इतर धान्याबरोबर, मापात, भिजवून पाणी टाकून दिलेली लाखोळी खाणाऱ्याला सहसा काही होत नाही. उपासमारीच्या जोडीने येते तेव्हाच ती घात करते. म्हणून दोष डाळीचा किती आणि दारिद्र्याचा किती, हा विचार करण्यासारखा आहे.

येथवर वाचून कोणास वाटेल, की मेंदू म्हणजे खोल्या पाडलेली चाळ आहे आणि प्रत्येक खोलीवर एकेक पाटी लावलेली आहे. एकोणिसाव्या शतकात काही लोक डोक्यावरील उंचवटे चाचपून स्वभाव सांगत, त्यांची समजूत अशीच होती आणि ती साफ चुकीची ठरली. मेंदू हा गावासारखा आहे. गावात सुताराचे घर आहे, लोहाराचे आहे. पण एक बैलगाडी उभी करावयाची तर दोघांखेरीज चांभार, दोर वळणारा आणि शेतकरी एवढे सगळे लागतात. साधे एक वाक्य बोलतानाही मेंदूचे अनेक भाग एकदम कामाला लागतात. म्हणूनच घाव एका जागी पडला तरी त्याची झळ दूरवर लागते, आणि म्हणूनच, एक घर पडले तरी शेजारी ते काम थोडेफार उचलू शकतात. लहान मुलांचा मेंदू या बाबतीत विशेष लवचिक असतो. माणूस मेंदूचा दहावा हिस्साच वापरतो, हे जे वारंवार ऐकू येते, त्यात काही तथ्य नाही. नऊ हिस्से रिकामे असते, तर आजोबांचा कुंचला पडलाच नसता.

त्या ओसरीवर आपण परत जाऊ. गुठळी अडकून मोठी रक्तवाहिनी बंद झाली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात असा अंदाज शास्त्रज्ञांनी केला आहे. गुठळी विरघळविणारे औषध आज उपलब्ध आहे. पण लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यावे लागते, आणि तेही डोक्याचे सीटी स्कॅन केल्यावरच. कारण काही रोग्यांत वाहिनी बंद झालेली नसते, फुटलेली असते. त्यांना हे औषध दिले तर रक्तस्राव वाढेल. बाहेरून पाहून हा भेद करता येत नाही. कबुतराच्या रक्ताने तर यांतले काहीच होत नाही; कबूतर तेवढे मरते. ज्याने "निजू द्या" म्हटले त्याचा हेतू चांगला होता, पण त्याचा सल्ला सर्वांत महाग पडणारा आहे. तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोलणे अडले, यांपैकी काहीही दिसले की घड्याळात किती वाजले ते ध्यानात ठेवावे, तोंडात पाणी किंवा औषध घालू नये आणि रोग्याला मोठ्या रुग्णालयाकडे हलवावे. सिंदीहून एका बाजूला नागपूर आहे, दुसऱ्या बाजूला सेवाग्राम. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे आणि त्याला जोडून १९६९ साली सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय.

समजा, आजोबा वेळेवर पोहोचले. हाताला बळ काही आठवड्यांत थोडे थोडे येऊ लागेल; रोज व्यायाम लागेल. वाचेला अधिक काळ लागतो. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बोस्टन शहरी वैद्यांनी एक पद्धत बसविली. रोग्याला नेहमीचे छोटे वाक्य आधी चालीवर गुणगुणावयास लावायचे आणि त्या चालीबरोबर त्याच्या डाव्या हाताने ताल धरावयाचा. आजोबांचा नातू त्यांच्याजवळ बसून, मांडीवर ताल धरीत, ओळखीच्या भजनाच्या चालीवर "पाणी द्या" म्हणतो. आजोबा पहिले काही दिवस नुसते ओठ हलवितात. मग चाल धरतात. मग चालीत शब्द येतो. चाल काढून घेऊन नुसता शब्द उरावयास आणखी काही महिने लागतात. कोणाला लागतात, कोणाला तो शब्द चालीतच राहतो.